न्हाणीघरातलं बाळंतपण

"अहो, थांबा! आत जाऊ नका!"

शिंप्याचा हात कडीवरच राहिला. "अगं, मग अंघोळ कुठे करू? दुकानात?"

"शेजारी सांगून ठेवलंय."

बायको मत्स्यकेंद्रात संशोधक होती. केंद्राचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि ठोकाठोकीने मासे बिथरले. म्हणून तिने लाल शेपटीच्या बोटभर माशांच्या जोड्या घरच्या न्हाणीघरातल्या टाकीत आणून सोडल्या. हा मासा एकाच ओढ्यातला, आणि तिथेही दिसेनासा झालेला. तिने नोकरीची सगळी वर्षं त्याच्यापायी घालवली, पण पिल्लू काही नजरेस पडलं नव्हतं. हे ठाऊक असल्याने शिंपी टॉवेल घेऊन मुकाट्याने निघाला.

शेजारीण दारातच हसली. "न्हाणीघरात जावई उतरलेत म्हणे?"

"जावई परवडले, वहिनी. ते निदान अंघोळ करून बाहेर येतात!"

एकदा बायको कामावर असताना तो हवेचा पंप बघायला आत गेला. तळच्या गोट्यांच्या फटीत काहीतरी हललं. त्याने चष्मा पुसला. सुईच्या टोकाएवढे दोन काळे डोळे. शेजारी आणखी दोन. मग बघेल तिकडे डोळेच डोळे!

त्याने फोन लावला. "अगं, पोरं झाली!"

"कोणाला?"

"आपल्याला!"

ती धावतपळत आली, टाकीपाशी बसली आणि हसता हसता रडू लागली. शिंपी टाकीत डोकावला. "यांना खायला काय घालायचं?"

"पोटाखालची अन्नाची पिशवी जिरेपर्यंत काही नको. मग उकडलेल्या अंड्याचा बलक, अगदी बारीक गाळून."

"गाळायचं माझ्याकडे!" त्याने दुकानातली सगळ्यात तलम मलमल फाडली. गिऱ्हाइकांना सांगितलं, "घरात बाळंतपण आहे, कपडे उशिरा मिळतील."

पिल्लं नखाएवढी झाली तेव्हा दोघं त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट घालून ओढ्यावर घेऊन गेली. गावकऱ्यांनी ओढा अडवणारा वरचा बांध फोडून पाणी पुन्हा खेळतं केलं होतं. शिंपी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला.

"घाई नको," बायको काठावरून म्हणाली. "आधी ओढ्याचं पाणी थोडं थोडं पिशवीत घ्या. त्यांना सवय होऊ द्या."

त्याने ओंजळीने पाणी घातलं, मग पिशवी हलकेच कलती केली. लाल ठिणग्या उडाव्यात तशी पिल्लं प्रवाहात पसरली आणि दिसेनाशी झाली.

"चला, गाडी थांबलीय."

"जाऊ गं. हे एक बघ, माझ्या पायाशीच घुटमळतंय."

बायकोने एकदा गाडीकडे पाहिलं. मग चपला खडकावर काढून ठेवल्या आणि त्याच्या शेजारी पाण्यात येऊन उभी राहिली.