विसाव्या दिवसाचे कार्ड

माघातल्या त्या बुधवारी सकाळी सहा वाजता परिचारिका शालनबाईंनी चिंचवडच्या धर्मार्थ दवाखान्याचे मागचे दार उघडले, स्टोव्ह पेटवला आणि पितळी पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवल्या. पाणी खळखळेपर्यंत सुया तपासायच्या, हा त्यांचा रोजचा क्रम होता. प्रत्येक सुईचे टोक त्या कापसावरून ओढून बघत. धागा अडकला की सुई बोथट झाली असे समजायचे आणि ती सहाणेवर घासायची. त्या दिवशी नऊपैकी चार अडकल्या. त्यांनी चारही घासल्या, पुन्हा उकळल्या, पेनिसिलिनच्या बाटल्यांची रबरी बुचे स्पिरिटने पुसली आणि पावणेसातला पहिल्या खाटेपाशी उभ्या राहिल्या. दवाखान्यात बारा खाटा होत्या. त्यांतल्या सात न्यूमोनियाच्या रुग्णांनी अडलेल्या होत्या, उरलेल्या पाच इतरांनी, आणि न्यूमोनियाचा आठवा रुग्ण व्हरांड्यात चटईवर होता.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाल्यापासून औषधाची वानवा उरली नव्हती. वानवा होती ती खाटांची. नव्या कारखान्यांच्या बांधकामावर लांबलांबून माणसे आली होती. ती पत्र्याखाली राहत आणि थंडीत त्यांच्या छात्या भरत. चाकणकडच्या गावांतून बैलगाडीत घालून आणलेले रुग्ण वेगळेच. त्यावर तोड म्हणून दवाखान्याचे मुख्य डॉक्टर खळदकर यांनी एक अभ्यास आरंभला होता. रोज एक टोचणी, असे चार दिवस पेनिसिलिन द्यायचे, ताप उतरला की रुग्णाला घरी धाडायचे आणि विसाव्या दिवशी त्याच्या गावी जबाबी कार्ड टाकून चौकशी करायची. कार्डावर प्रश्न छापलेला होता : ‘रुग्ण आजारातून पूर्णपणे सुटला आहे काय?’ खाली उत्तरापुरती जागा. बहुतेक घरांत लिहिता येणारे कोणी नसे, म्हणून उत्तर गावच्या शाळामास्तरांच्या हातचे येई.

अठ्ठेचाळीस रुग्ण झाले होते आणि अठ्ठेचाळीसही कार्डे परत आली होती. मार्चमध्ये पुण्याला डॉक्टरांची परिषद भरणार होती. तिथे हा निबंध वाचला गेला की जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांना चार दिवसांचा नियम लागू व्हावा, अशी शिफारस व्हायची होती. कंपाउंडर ज्योतीरामने कार्डांवरून कच्चा तक्ता तयार केला होता. शालनबाईंचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून पक्का तक्ता त्यांनी लिहायचा होता. शेवटच्या दोन रकान्यांवर शीर्षके होती ‘पूर्ण बरे’ आणि ‘गुंतागुंत अथवा मृत्यू’. पहिल्या रकान्यात अठ्ठेचाळीस, दुसऱ्यात शून्य.

नऊच्या सुमारास व्हरांड्याच्या पायरीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर घडी घातलेले लाल कांबळे होते. ती कुरुळीची सारजाबाई, हे शालनबाईंनी लगेच ओळखले. तिची सून गवराबाई पौषात चार दिवस तिसऱ्या खाटेवर होती. घरी जाताना गाडीत गारठा लागू नये म्हणून शालनबाईंनीच ते कांबळे तिला पांघरून दिले होते.

“घ्या बाई तुमचं कांबळं. नदीवर धुतलंय. नीट बघून घ्या, उंदराबिंदरानं कुठं खाल्लं न्हाई.”

“अहो, एवढ्यासाठी कुरुळीहून पायी आलात? गवरा बाजाराला आली असती तेव्हा दिलं असतं तिनं.”

“गवरा कुठली आता?” म्हातारीने कांबळे पायरीवर ठेवले आणि पदराने तोंड पुसले. “सुटली की माझी गवरा. हितनं नेल्यावर नवव्या दिशी. कांबळ्याला हात लावू वाटंना, म्हून उशीर झाला. राग धरू नगा.”

शालनबाईंनी कांबळे उचलून घेतले. मग त्या म्हणाल्या, “आम्हाला कळलं नाही, सारजाबाई.”

“आता गं बया! कार्ड धाडलं की मास्तरांनी. माझ्यासमूर लिवलं. पोचलं न्हाई व्हय?”

कार्ड पोचले होते. तक्त्यात एकतिसावा क्रमांक : गवराबाई कोंडीराम, वय बावीस, कुरुळी. पूर्ण बरी.

म्हातारीला चहा पाजून, चाकणच्या मोटारीत बसवून देण्याची सोय करून शालनबाई औषधांच्या खोलीत आल्या. ज्योतीराम खलात काहीतरी घोटत होता.

“ज्योतीराम, अभ्यासाची कार्डं कुठायत?”

“फडताळात. का हो? माझ्या अक्षराला नावं ठेवायचीत का? ठेवा. डॉक्टरही म्हणतात, तुझं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची जत्रा.”

शालनबाईंनी गठ्ठा सोडला आणि एकतिसावे कार्ड काढले. छापील प्रश्नाखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती : ‘होय. मंगळवारी पहाटे सुटली.’

“याचा अर्थ काय लावलास तू?”

“सुटली म्हणजे सुटली. आजारातून सुटली. आपणच नाही का विचारलंय, सुटला का म्हणून? आणि दवाखान्यातनं माणूस सुटतो तेव्हा आपण काय म्हणतो?” तो हसला, पण शालनबाईंचा चेहरा पाहून त्याचा घोटणारा हात थांबला.

“गवरा मेली, ज्योतीराम.”

ज्योतीराम पुण्यात कसबा पेठेत वाढलेला. शालनबाई माण तालुक्यातल्या. त्यांच्या गावी आणि इथल्या गावांतही तरण्याताठ्या सुनेबद्दल ‘मेली’ हा शब्द कोणी उच्चारत नसे, मग लिहिणे तर दूरच. माणूस सुटतो, मोकळा होतो. मास्तरांनी विचारल्या प्रश्नाला खरे उत्तर दिले होते. प्रश्नच असा होता की त्यात मेलेला आणि जगलेला दोघेही बसावेत.

शालनबाईंनी अठ्ठेचाळीस कार्डे टेबलावर पसरली. त्यांची नजर उत्तरांवरून हलली आणि कार्डांच्या माथ्यावर गेली. उत्तर लिहिण्यापूर्वी गावोगावच्या मास्तरांनी सवयीने वर ‘श्री’ घातला होता. बेचाळीस कार्डांवर तो होता, सहांवर नव्हता. दुःखाच्या पत्रावर श्री घालत नाहीत, हे ज्योतीरामलाही ठाऊक होते. त्याने ती सहा कार्डे एकेक करून उचलली. ‘सुटला.’ ‘होय, सुटली.’ ‘मोकळी झाली.’ वाचता वाचता तो खाली स्टुलावर बसला.

“मी सगळी कार्डं एका दुपारी उरकली होती,” तो म्हणाला. “वर पाहिलंच नाही, बाई.”

खळदकर डॉक्टर वाईट माणूस नव्हते. बडोद्यात वाढलेले, मुंबईला शिकलेले, स्वतःच्या खर्चाने पुस्तके मागवणारे, रात्री-अपरात्री हाकेला धावणारे. त्यांनी कार्डे पाहिली, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसला.

“दुर्दैवी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “पण शालनबाई, ही माणसं न्यूमोनियानंच गेली, याला पुरावा काय? शवविच्छेदन नाही, कुणी डॉक्टरनं तपासलेलं नाही. खेड्यात माणूस शंभर कारणांनी मरतो. ऐकीव गोष्टींवर शास्त्र उभं राहत नाही.”

“मग बेचाळीस जण बरे झाले, हे कशावरून?”

“म्हणजे?”

“तेही कार्डावरूनच ना, डॉक्टर? बरं झाल्याचं कार्ड आलं की तो पुरावा, आणि मेल्याचं आलं की ती ऐकीव गोष्ट?”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. “तुम्ही मला संशोधन शिकवू नका.”

“नाही शिकवत. गवराच्या पाठीवर शेवटच्या दिवशी मीच बोटानं ठोकून पाहिलं होतं. उजवीकडे खाली बद्द आवाज येत होता. मी सांगितलं, तुम्ही म्हणालात, उतरेल हळूहळू. आत पाणी साचत असेल, त्याचा पू होत असेल, तर ते चार टोचण्यांनी उतरत नाही. ते सुईनं काढावं लागतं आणि औषध पुढे चालू ठेवावं लागतं. हे मी तुमच्याच तोंडून शिकले.”

शालनबाईंनी आवाज खाली आणला.

“आज पाचव्या खाटेवरच्या रुक्मिणीबाईचा चौथा दिवस आहे. तिच्याही बरगडीखाली तसाच आवाज येतो. तिला घरी धाडायचं?”

“ठेवून घ्या. आठ दिवस ठेवा, दहा ठेवा. झालं समाधान?”

“आणि तक्त्यात तिला कुठं लिहू?”

“तिला तक्त्यातून काढून टाका,” डॉक्टर म्हणाले आणि समोरचे वर्तमानपत्र उघडले.

त्या वाक्याने शालनबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. जिला धोका दिसतो तिला अभ्यासातून वगळायचे, जी घरी जाऊन मेली तिला बरी म्हणायचे, आणि उरलेल्यांवरून जिल्ह्यातल्या हजारोंचा नियम ठरवायचा! हे अडाणीपणाने झाले असते तर त्यांनी सोसले असते. पण आता चूक कळली होती, आणि कळूनही ती स्वच्छ अक्षरात उतरवून हवी होती. तीही त्यांच्याच हातून.

मात्र पुरावा हवा, हे डॉक्टरांचे म्हणणे त्यांनी टाकून दिले नाही. पुढचे दोन रविवार सुट्टीचे होते. कापडी पिशवीत भाकरी आणि वही घेऊन त्या भोसरीहून चाकणच्या मोटारीने निघाल्या. फाट्यांवर उतरून शेताडीतून चालत त्यांनी सहाही घरे गाठली. प्रत्येक घरी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले : ताप पुन्हा कितव्या दिवशी आला? कोणत्या कुशीत दुखे? कोणत्या कुशीवर निजवत नसे? धाप केव्हापासून? उत्तर त्यांनी सुचवले नाही, घरच्यांच्या तोंडून आले तेच लिहिले.

मोई गावात कळले की सयाजी नावाचा रुग्ण विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला होता. तोवर त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता. शालनबाईंनी त्याच्या नावावर रेघ मारली. ती मारताना त्यांना बरे वाटले, कारण आता उरलेल्या नावांवर कोणाला बोट ठेवता आले नसते. उरलेल्या पाच घरांत एकच हकिगत होती. तीन-चार दिवस बरे, मग संध्याकाळचा ताप, एका कुशीत सुरी खुपसल्यासारखे दुखणे, वाढती धाप.

कुरुळीत गवराचा नवरा कोंडीराम गोठ्यापाशी भेटला. त्याने आधी बैलापुढे वैरण टाकली. मग एकदम म्हणाला, “दवाखान्याच्या कागदावर ‘बरी’ म्हून लिवलं हुतं, बाई. म्या तिला म्हनलो, बरी हायस तर कन्हतीस कशापायी? कांदं काढायला नेली तिला. दोन दिस नेली.”

“परत का नाही आणलंत?”

“लाज वाटली. लोकं व्हरांड्यात पडल्याली, आन आमची चार दिस खाटंवर ठेवल्याली. बरं केल्यालं मानूस परत कुठल्या तोंडानं न्यायचं?”

शालनबाईंनी तेही लिहून घेतले. लिहिताना त्यांची पेन्सिल दोनदा मोडली.

सोमवारी सकाळी पाच नावांचा कागद त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. वहीतले प्रश्न पाहिले, सयाजीच्या नावावरची रेघ पाहिली.

“चौकशी पद्धतशीर आहे,” ते हळूच म्हणाले. “अठ्ठेचाळीसात पाच.” मग त्यांनी कागद बाजूला सरकवला. “पण निबंधाचा सारांश छापून गेलाय, शालनबाई. आता मागे घेतला तर दोन वर्षांचं काम मातीत जाईल, आणि माझं हसं होईल. परिषद होऊ द्या. मग आपण पुरवणी काढू. तुम्ही तक्ता आजच्या टपालानं धाडा.”

“परिषदेनंतर नियम लागू होईल, डॉक्टर.”

“नियम काय एका दिवसात लागू होतात?”

“गवरा नऊ दिवसांत गेली.”

शालनबाईंनी टेबलावरचा कच्चा तक्ता उचलला आणि त्यांच्यासमोरच परत ठेवला. “हा माझ्या अक्षरात जाणार नाही,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. ज्योतीराम दारात उभा होता, त्यालाही शब्द जेमतेम ऐकू आले.

दुपारी रुग्णांची जेवणे झाल्यावर त्या औषधांच्या खोलीत बसल्या. दोन कोरे ताव घेऊन त्यांनी परिषदेच्या चिटणिसांना पत्र लिहिले. त्यात कोणाला दूषण नव्हते. पाच रुग्णांची नावे, गावे, वये, घरी धाडल्याची तारीख, ताप परतल्याचा दिवस, मृत्यूचा दिवस. सहावा रुग्ण अपघाताने गेला म्हणून मोजलेला नाही, हेही लिहिले. कार्डावरील प्रश्नाचा शब्द दुअर्थी होता आणि उत्तरे चुकीची वाचली गेली, हे एका वाक्यात मांडले. शेवटी लिहिले : ‘चार दिवसांनी घरी धाडलेल्या रुग्णाच्या छातीत पू होऊ शकतो. तो न तपासता नियम करू नये.’ खाली पूर्ण नाव आणि परिचारिका म्हणून नोंदणीचा क्रमांक.

ज्योतीराम मागे येऊन उभा राहिला होता. “नोकरी जाईल, बाई.”

“जाऊ शकते.”

तो घुटमळला, मग ती सहा कार्डे त्याने पुढे केली. “मूळ कार्डं जोडा. नाहीतर म्हणतील, ऐकीव. आणि तक्ता कुणी केला, तेही लिहा. माझं नाव घाला.”

“चूक केली म्हणून?”

“मग काय, पराक्रम केला म्हणून?”

शालनबाईंनी एक ओळ वाढवली. पत्राची दुसरी प्रत काढून त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर उघडीच ठेवली, म्हणजे काही पाठीमागे केले असे होऊ नये. मग चपला घातल्या आणि त्या टपालकचेरीत गेल्या.

“साधं की रजिस्टर?” कारकुनाने विचारले.

“रजिस्टर. पोचपावतीही हवी.”

“पाठवणाऱ्याचं नाव काय घालू? दवाखान्याचं?”

“नाही,” शालनबाई म्हणाल्या. “माझं घाला.”

आणि तो लिहीत असताना त्यांनी आपले नाव एकेक अक्षर सावकाश सांगितले.