बाबांचं मोठ्या अक्षरांचं बटण

मी एक जुना प्लगिन आहे. मोठ्या सॉफ्टवेअरला जोडून घ्यायचं आणि त्याच्या अंगी नसलेले गुण पुरवायचे, एवढाच माझा धर्म. मला एका मुलीनं घडवलं, तिच्या वडिलांसाठी. ते मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका वेचत आले. एकच शब्द पुस्तकात दोन तऱ्हांनी लिहिलेला असला, की मी तो शोधून दाखवायचो. पुढे बाबांची नजर अधू झाली, तेव्हा तिनं मला अक्षरं मोठी करण्याचं बटण दिलं. मग घड्याळ आलं, शब्दमोजणी आली, पानाला रंग देणंही आलं. माझं कौतुक होत गेलं आणि मी फुगत गेलो.

मित्रांनो, काळ बदलला. ज्या सॉफ्टवेअरच्या आधारानं मी राहतो, तेच ही कामं शिकलं. माझी बहुतेक बटणं म्हणजे नुसती खोगीरभरती झाली.

"बाकीचं काढते," ती नवऱ्याला म्हणाली, "पण बाबांचं बटण कसं काढू? त्यांना वाईट वाटेल."

"आधी त्यांच्याशेजारी बसून बघ तरी," तो म्हणाला.

ती बसली. बाबांनी मला सुरू केलं. त्यांचा जुना संगणक माझ्या ओझ्यानं धापा टाकू लागला. ते हाताची घडी घालून शांत थांबले. मग त्यांनी माझं बटण दाबलं, अक्षरं मोठी झालेली पाहिली आणि मला बंद करून टाकलं.

"बाबा, हे काय?"

"तुझं हे चालू असलं की पुस्तक पुढे सरकत नाही गं. अक्षरं सॉफ्टवेअरमधूनच मोठी करतो. शब्द कागदावर तपासतो, पेन्सिलीनं."

"मग बटण कशाला दाबता?"

"तू केलंयस ना. रोज एकदा दाबतो."

मी थक्क झालो. ज्या कामासाठी माझा जन्म, ते काम हा माणूस दुखऱ्या डोळ्यांनी हातानं करत होता आणि माझ्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मुलीचे डोळे भरून आले. तिनं सगळ्यांत आधी तेच बटण काढलं, मग बाकीची; उरलं ते फक्त दोन तऱ्हांनी लिहिलेले शब्द शोधण्याचं माझं मूळ काम.

आता मी चुटकीसरशी उघडतो. परवा बाबांनी अख्खं पुस्तक माझ्याकडून तपासून घेतलं. इतकं थोडं उरून इतकं कामाला यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल, तर ज्याच्यासाठी आम्हाला बनवलंत त्याच्या शेजारी अधूनमधून बसत जा. आमच्यात काय बिघडलंय, ते तो मायेपोटी कधीच सांगणार नाही.