सुगरणीने नापसंत केलेलं घरटं

मी एक जुनं घरटं आहे. मित्रांनो, जुनं असलं तरी कधीच न वापरलेलं. माझ्यात एकही अंडं उबलं नाही की एकही पिल्लू चिवचिवलं नाही. तरी जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका बैठकीच्या खोलीत, सोफ्यावरच्या खिळ्याला, मी मोठ्या मानाने लटकलेलो आहे.

माझा जन्म नर्मदेच्या वाटेवरच्या एका विहिरीवर झाला. तिथे पाण्यावर वाकलेली एक बाभूळ होती. पिवळ्या डोक्याच्या एका पक्ष्याने गवताची पाती चोचीने चिरून आणली आणि मला विणलं. लोक मला 'सुगरणीचं घरटं' म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. अहो, राबला तो नर! सुगरणबाई नुसत्या पाहणीला येतात. मी अर्धा झालो तेव्हा त्या आल्या. माझा बाप माझ्या काठाला उलटा लटकला, पंख फडफडवले, ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. बाईंनी माझ्या काड्या ओढून पाहिल्या, आत डोकावल्या आणि शेजारच्या घरट्याकडे उडाल्या. बापाने मग पलीकडच्या फांदीवर नवं घरटं विणायला घेतलं. त्याने माझ्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

पावसाळा सरल्यावर वेदांगने मला फांदीसकट उतरवलं. वेदांग रेल्वेच्या कचेरीत नोकरी करतो. वडील डिफेन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, तेव्हापासून कमानिया गेटजवळ भाड्याच्या खोलीत राहतो. मला त्याने आणलं ते त्याच्या मैत्रिणीसाठी, पूर्णिमासाठी. ती कोचिंग क्लासमध्ये मानसशास्त्र शिकवते आणि माणसं जोडीदार कसा निवडतात, हा तिचा लाडका विषय आहे. मला पाहून ती अशी हरखली, की पक्ष्याने नाकारल्याचं माझं दुःख निम्मं झालं.

तिने मला घरच्या बैठकीत टांगलं. ते माझे वैभवाचे दिवस होते! ती मला ओढणीत गुंडाळून वर्गात न्यायची. "देखो बच्चो," म्हणायची, "पिल्लं वाढवण्याचा भार मादीवर जास्त, म्हणून ती आधी पारखते, मग निवडते. नर दिखावा करतो. काही शास्त्रज्ञ मानतात, की लाखो वर्षांची ती जुनी पारख आपल्याही मनात शिल्लक आहे." मुलं मला हात लावायला धडपडायची.

पण हळूहळू मला काळजी वाटू लागली. पूर्णिमा वर्गातलं शास्त्र घरी आणू लागली. वेदांगला यायला उशीर झाला की ती मुद्दाम फोन करायची नाही. आधी तो करतो का, ते पाहायची. दुसऱ्या एखाद्या मुलाचं कौतुक करून वेदांगचा चेहरा न्याहाळायची. बिचाऱ्याला आपली परीक्षा चालू आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग तो लग्नाचं विचारायला आला. पूर्णिमाची आई, मीराकाकू, मूळच्या सांगलीच्या. त्यांची हिंदी भाजीबाजारापुरती. वेदांगचं उलटं, मराठी त्याला समजायची, पण बोलताना जीभ अडखळायची.

"घर भाड्याचं आहे तुझं," काकू म्हणाल्या. "पूर्णिमाला सुखात ठेवशील ना?"

'कोशिश' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण तो पडला हिंदी! आज चांगली मराठी बोलायची म्हणून त्याने शाळेच्या हिंदी पुस्तकातला भारदस्त संस्कृत शब्द निवडला, मराठीतही तो तसाच असेल असं समजून. त्या हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न.

"काकू, मी पूर्ण चेष्टा करीन."

काकूंचा चेहरा उतरला. "माझ्या मुलीची चेष्टा करशील?"

"हो काकू," तो मनापासून म्हणाला, "जिंदगीभर."

पूर्णिमाला खुदकन हसू फुटलं. तिला दोन्ही भाषा येत होत्या. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. पण काकू ताडकन उठून "चालता हो" म्हणाल्या, वेदांगने गोंधळून पूर्णिमाकडे पाहिलं, आणि तिने उघडलेलं तोंड मिटून घेतलं. पाहू या कसा टिकतो, अशी ती नजर होती. ती नजर मी ओळखली. माझ्या काड्या ओढून पाहणाऱ्या सुगरणीचीही अगदी तशीच होती.

वेदांग गेला. चहा तसाच राहिला.

नंतर पूर्णिमाने आईला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. काकू म्हणाल्या, "अगं, मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मी पाहून राहिली होती, आई. तो काय करते ते."

"माणूस आहे तो. तुझ्या वर्गातला नमुना नव्हे."

वेदांग तिचा फोन उचलेना. ती माझ्याखाली बसून रडायची. मला वर्गात नेणंही थांबलं. माझ्यावर धूळ चढली, कोळ्याने जाळं विणलं. शेवटी काकूच ऑटो करून कमानिया गेटला गेल्या आणि त्यांनी त्याची माफी मागितली.

त्यांच्या शब्दाखातर तो आला. चपला दारात काढल्या, पण बसला नाही.

"तू हसली, त्याचं काही नाही," तो पूर्णिमाला म्हणाला. "माझी मराठी आहेच तशी. पण तुला सब मालूम होतं. काहून गप्प राहिली?"

ती माझ्याखालच्या सोफ्यावर बसली.

"बया पक्ष्याचं एक घरटं नापसंत झालं, तर तो दुसरं विणते," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "मला नाही जमत. मी एकच विणलं होतं."

मित्रांनो, मला उचंबळून आलं. पूर्णिमा उठली. डोळे पुसलेही नाहीत तिने.

"तपासणं बंद," ती म्हणाली. "हेच पुरं करू. मी... मी पूर्ण चेष्टा करीन."

दारातून ऐकणाऱ्या काकूंनी तो शब्द सुधारला नाही. वेदांग हसला नाही, बसलाही नाही. पण त्याने चपलाही घातल्या नाहीत.

मित्रांनो, मी आजही अर्धाच आहे. पारखायचं तर जरूर पारखा. सुगरणीलाही तो हक्क आहे. पण कुणी आपल्यासाठी काडी काडी जोडत असेल आणि एका शब्दासाठी आपल्याकडे पाहत असेल, तर तो शब्द वेळेवर द्या. आणि जमलं तर माझ्यावरची धूळ झटका. हळूच, कोरड्या फडक्याने.