वाचनानंतरचा शब्द

नवऱ्याबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकली ती ऐन प्रार्थनेत. देव मला क्षमा करो, पण तिथेच.

आमच्याकडे रोज सकाळी चहाच्या आधी बायबल उघडतं. क्रुसाची खूण करायची, यांनी त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचायचं, मग दोघांनी गप्प बसायचं आणि शेवटी वाचनातला मनाला लागलेला एकच शब्द मोठ्याने सांगायचा. लग्नाआधी फादरांनी शिकवलेली ही पद्धत. हाच शब्द का, असं विचारायचं नाही, हा तिचा नियम.

तर हे एके दिवशी म्हणाले, "होडी." दुसऱ्या दिवशी "निरोप." मग "परदेश." मी कपडे शिवणारी बाई, टाक्याला टाका लागला की शिवण कुठे चालली आहे ते मला कळतं. त्यातच हे फोन घेऊन गॅलरीत जायला लागले, दार लोटून. एकदा पलीकडून बाईचा आवाज ऐकला. विचारलं तर म्हणाले, कामाचं आहे. हे घड्याळं दुरुस्त करतात. त्यात कुजबुजण्यासारखं काय असतं?

तेव्हापासून वाचन सुरू झालं की माझं लक्ष यांच्या खिशातल्या फोनकडे. ओठ नुसते "नमो मारिया" म्हणायचे. मन जागेवर राहावं म्हणून मी मेणबत्ती लावून पाहिली, जपमाळ मुठीत आवळून पाहिली. छे, मन मोकाट गुरासारखं. हा माणूस मला टाकून जाणार, एवढंच आत वाजत राहायचं. मला रडू यायचं आणि रडू येतं म्हणून आणखी राग यायचा.

काल सकाळी यांनी पुस्तक उघडलं आणि मी ते मिटलं.

"कुठे जायचं ठरवलंय ते सरळ सांगा. आणि ती बाई कोण?"

यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "डॉक्टर आहेत. विसरायच्या आजाराच्या. गुरुवारची वेळ घेतली आहे, तुझ्यासाठी."

शेवटी शेवटी माझी आई मलाही ओळखत नव्हती. त्या आजाराचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मागे माझ्याकडे एका नवरीचा झगा शिवायला होता आणि त्याची बाही काही केल्या बसत नव्हती. त्या सकाळी मी शब्द सांगितला म्हणे, "बाही." वाचन होतं द्राक्षमळ्याचं. चूक लक्षात येऊन मी हसलेही नाही. यांना माझी आई आठवली. मग हे मुद्दाम वाचनात नसलेलेच शब्द सांगत गेले, मी टोकते का ते बघायला. मी कशी टोकणार? त्या शब्दांवरून तर्क लढवण्यात मी वाचन ऐकतच नव्हते.

"मला वाटलं, तुम्ही निघालात," मी म्हटलं.

"मला वाटलं, तू निघालीस."

झग्याची गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगितली. हे मान हलवत होते, पण भीती डोळ्यांतून जात नव्हती. माझा तरी संशय कुठे लगेच गेला होता? मी बायबल परत यांच्या हातात दिलं.

हरवलेल्या मेंढराचा दाखला होता. या वेळी मी खिशाकडे पाहिलं नाही. गप्प बसायची वेळ संपली. माझ्या तोंडाकडे बघत हे म्हणाले, "होडी."

"मेंढरांत होडी कुठून आली?" मी फटकारलं. "एक हरवलं होतं, ते सापडलं, खांद्यावर घेऊन आला तो. जरा नीट वाचत जा."

यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हे ओंजळीत तोंड लपवून रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं.