पूजेत राहिलेली मापकाठी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी मापकाठी आहे. विमानाच्या टाकीत बुडायचं आणि पेट्रोल किती उरलं ते सांगायचं, एवढंच माझं काम. मोहाडीच्या ईश्वर सुताराने मला तासलं आणि तापल्या तारेने अंगावर खुणा डागल्या. चटके फार बसले, पण त्या खुणांमुळेच मला किंमत आली.

१९७६च्या सुमारास अड्याळजवळच्या मुरमाड माळावर एका खासगी कंपनीचं छोटं विमान आसपासच्या धानावर औषध फवारायला येऊन उतरायचं. कॅप्टन घनश्याम ते उडवायचे. मेकॅनिक टेकचंद रोज सकाळी मला टाकीत सोडायचा, ओल कुठवर आली ते बघायचा आणि मगच पेट्रोल भरायचा. विमानात काचेआड एक दिमाखदार काटाही होता. पण तो लबाड, अर्ध्यावरच अडकून बसायचा. "काट्याले काय इचारता? काठीले इचारा," असं कॅप्टन हसून म्हणायचे. तेव्हा मी मनातून फुलून जायचे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे अवजारं पुजतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. टेकचंदच्या बायकोने, मनकर्णाबाईने, पाने-पक्कडींसोबत मलाही माळावरच्या मांडवात पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. सुट्टीच होती, म्हणून टाकी भरलेली नव्हती.

तेवढ्यात गावचे जागेश्वर पाटील धावत आले. "साहेब, धानावर तुडतुडा पडला जी! आज फवारलं नाई त बांधीत दाना नाई, नुसती तणस राहीन."

कॅप्टन उठले. विमान हे वाहन, त्याला नारळ फोडला की चालवायला हरकत नाही, असं ठरलं.

"टेकचंद, काठी?"

"पुजेत हाय साहेब. आज कशी उचलू?"

"राहू दे मंग. काटा अर्धी टाकी दाखवून राहिला. एका फेरीले पुरे, भरत बसाले वेळ नाई."

अहो, तो खोटं बोलतोय! मी झेंडूखाली पडून आक्रोश करत होते. पण लाकडाला तोंड नसतं.

मांडवातून मला इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग तिने आचके दिले. मग काहीच ऐकू येईना. फवारणीचं विमान धानाला लागूनच उडतं, तिथून सावरायला वेळ कुठला? ते शेताशेजारच्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर आदळलं. पेटलं मात्र नाही. पेटायला टाकीत होतं काय?

टेकचंद तिकडून परत आला, पाटावरून मला उचललं आणि नेऊन त्या मोडक्या टाकीत सोडलं. मी कोरडी बाहेर आले. अंगावरचं कुंकूसुद्धा भिजलं नव्हतं. शेजारीच कॅप्टन चादरीखाली होते. टेकचंद मला छातीशी धरून रडला.

आता मी त्याच्या घरी आढ्याला टांगलेली असते. खंडेनवमीला मनकर्णाबाई सगळी अवजारं मांडते. माझ्याकडे हात गेला की टेकचंद म्हणतो, "तिले पुजू नको."

मित्रांनो, एक विनवणी आहे. जे अवजार तुमचा जीव राखतं, त्याला फुलं वाहायची राहिली तरी चालेल, पण कामाच्या वेळी त्याला हातात घ्या. त्या दिवशी मला पूजा नको होती. मला टाकीत बुडायचं होतं.