पंचविसावा ट्रे

करिश्मा झोपलेली आणि घरात लाईट आलेली, हे दोन्ही एका वेळी जमलं की पायल कॉम्प्युटरसमोर बसायची. अमरावतीत त्या साली, म्हणजे दोन हजार नऊमध्ये, भारनियमनाच्या वेळा निदान पेपरात छापून यायच्या. करिश्माच्या झोपेचं तसं काही नव्हतं. आठ महिन्यांची पोर. दहाला झोपायची आणि सव्वादहाला पाळण्याच्या कडेवरून आईच्या पाठीकडे टुकूटुकू बघत बसायची. रडायची नाही. तेच पायलला जास्त लागायचं.

पायलचा हात मूळचा कार्टूनचा. लग्नाआधी तिनं फ्लॅश नावाच्या प्रोग्रामवर शाळांच्या सीड्यांसाठी पाढे म्हणणारी माकडं केली होती, उडणारे पोपट केले होते. पण चित्रं हलवायच्या त्या फ्लॅशमध्येच लिहायचीही एक बाजू होती, स्क्रिप्टची. ती जमली की त्यातच धंद्याची वेबसाइट उभी राहायची: गिऱ्हाईक नाव टाकतं, बटण दाबतं, ऑर्डर नोंदली जाते. अकोल्याच्या रागिणी मॅडमचं ऑफिस असली कामं करून द्यायचं.

"घरून काम देईन," मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "पण एकटीनं एक पूर्ण काम करता येतं हे आधी दाखवा. नाही तर इथं रोज येऊन शिकावं लागेल."

रोज अकोला म्हणजे जाऊन-येऊन चार तास एसटीत आणि वर आठ तास ऑफिसात. करिश्मा अजून अंगावर पीत होती. पायलनं मनाशी ठरवून टाकलं होतं की घरून जमलं तर ठीक, नाही तर हा नाद सोडायचा. धम्मदीपला, म्हणजे नवऱ्याला, तिनं हे सांगितलं नव्हतं. तो सेमाडोहच्या शाळेत मास्तर होता, शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. त्या दीड दिवसात त्याला लेकीशिवाय दुसरं काही सांगावं असं तिला वाटायचं नाही.

सासूबाईंना मात्र न सांगताच कळलं होतं. भागीरथाबाई घरी बसून शाळांचे गणवेश शिवायच्या. मशीन आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून.

"काय करून राहिली वं एवढं, डोळे फुटेस्तोवर?"

"ट्रे काढते, आई. रोपांचे."

मॅडमनी नमुन्यादाखल दिलेलं काम उत्तमरावांचं होतं. अकोल्याजवळ त्यांची रोपवाटिका. शेतकरी मिरची, वांगी, टमाटरची रोपं सांगून जायचे, आणि उत्तमराव प्रत्येकाच्या ट्रेमध्ये चिठ्ठी खोचायचे. पाणी लागून चिठ्ठ्या गळायच्या, मागच्या रांगेतली रोपं नेणाऱ्याची वाट बघत उंच वाढून लोळायची. कोणाची रोपं कधी तयार होतात ते स्क्रीनवर दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. सोबत त्यांच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स होती. पानावर चोवीस नावं.

पायलनं चोवीस ट्रे काढले. असे काढले की बघत राहावं. पेरल्या दिवशी नुसता काळा भुगा, आठव्या दिवशी दोन पानं, आणि चाळिसाव्या दिवशी मिरची वाऱ्यावर हलावी तशी हलायची. प्रत्येक ट्रेखाली त्या-त्या शेतकऱ्याचं नाव. पुस्तकातून बघून बघून लिहिलेली स्क्रिप्टही प्रत्येक ट्रेला निराळी चिकटवलेली. ती उतरवून घ्यायची आणि आकडा बदलायचा. दोन महिने लागले.

मग एका बुधवारी सासू, सून आणि नात एसटीत बसल्या. "मी आल्याबिगर पोट्टी कोन धरन?" असं म्हणून भागीरथाबाईंनी आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवली होती. मूर्तिजापूरपर्यंत करिश्मानं पुढच्या सीटवरच्या बाईची वेणी ओढली आणि त्यानंतर ती झोपून गेली.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. भागीरथाबाई नातीला घेऊन आतल्या खोलीत बसल्या. उत्तमराव आधीच येऊन बसले होते. स्क्रीनवर ट्रे उघडले तसे ते खुर्ची सरकवून पुढे आले.

"अरे बाप्पा. हे तं आमच्या देवमनचं वांगं. आन हे हालून राहिलं पाहा कसं."

त्यांनी चोवीसही नावं वाचली, मोठ्यानं. रागिणी मॅडम हसत होत्या. तेवढ्यात उत्तमरावांचा मोबाइल वाजला.

"बोला बुधाजी. वांगे? किती, दहा ट्रे? थांबा, नवी मशीन हाय आपल्याकडं, आत्ताच टाकतो."

त्यांनी एका बोटानं नाव टाकलं, पीक टाकलं, 'नोंदवा' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. चोवीस ट्रे तसेच, त्यातली मिरची तशीच हलत होती.

पायलला कळलं.

"पंचविसावा ट्रे मी काढलाच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पानावर चोवीस नावं होती. मी चोवीस काढले."

कार्टूनच्या कामात असंच असतं. समोरच्या कागदावर जे आखून दिलंय ते काढायचं, एक कमी नाही, एक जास्त नाही. वहीचं ते पान म्हणजे नुसता नमुना, रोज नवी ऑर्डर येणार, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. रागिणी मॅडमनी आतली स्क्रिप्ट उघडली आणि खाली, आणखी खाली सरकवत नेली.

"हे सगळं हातानं? चोवीस वेळा?"

"हो."

"मंग आमी काय चोवीसावर गेट लावून घ्याचं?" उत्तमराव म्हणाले. रागावून नाही, पण म्हणाले.

आतून करिश्माचा आवाज आला. तेवढ्याच निमित्तानं पायल उठली.

आतल्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये एक सतरंजी टाकलेली होती. ती लेकीला घेऊन बसली. करिश्मा पीत होती आणि एका हातानं आईच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. पायलच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही, हात मोकळा नव्हता.

"काय झालं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

तिनं सांगितलं. सोपं करून सांगितलं, कारण तसंच सांगता येत होतं. प्रत्येक माणसाचा ट्रे मी वेगळा काढला आई, आता नवीन माणूस आला तर त्याला ट्रेच नाही.

भागीरथाबाईंनी नातीची घसरलेली टोपी सावरली.

"बाई, मी साठ फ्राक शिवतो तं कागदाचं कटिंग एकच ठेवतो. माप बदलते, रंग बदलते, कटिंग तेच. तुनं हरेक पोरीसाठी नवं कटिंग कापलं?"

पायलच्या पुस्तकात तो धडा होता. एकच मूळ चित्र ठेवायचं आणि स्क्रिप्टनं त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. तिनं तो चाळून सोडून दिला होता, हे प्रोग्रामरांचं, आपलं नाही, असं वाटून. तेव्हा करिश्माला ताप होता, तेही एक होतं.

"आई, हिला धरता?"

"त्यासाठीच तं आली मी."

ती बाहेर गेली. "मॅडम, आमची गाडी साडेचारची आहे. तोवर बसू का?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. सव्वादोन. "बसा. उत्तमराव, तुम्ही जेवून या."

आधी पुसावं लागलं. तेवीस ट्रे, चोवीस नावं. देवमनच्या वांग्यावर तिचा हात जरा थांबला, त्या पानांना तिनं तीन दुपारी दिल्या होत्या. मग तेही गेलं. एकच ट्रे उरला, बिननावाचा. तिनं मॅडमकडचं पुस्तक मागून घेतलं, तो धडा उघडला आणि एकेक ओळ लिहू लागली. वहीच्या पानावरची नावं एका यादीत. यादीत जितकी नावं, तितक्या प्रती. प्रत्येक प्रतीला तिचं नाव, तिचं पीक, तिचा दिवस. दोन महिन्यांचं लिहिणं अठरा ओळींत बसलं, ते बघून तिला हसूही येईना.

चालवून पाहिलं तर स्क्रीनवर एकच ट्रे.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या, पण काही सांगत नव्हत्या. बाहेर व्हरांड्यात भागीरथाबाई नातीला घेऊन येरझारा घालत होत्या आणि रस्त्यावरचे ऑटो मोजून दाखवत होत्या. पायल त्या एकुलत्या ट्रेकडे बघत राहिली. खालचं नाव नीट दिसत नव्हतं, जाड झालं होतं, एकावर एक लिहिल्यासारखं. मग तिच्या लक्षात आलं. चोवीसही होते. एकाच जागी, एकमेकांच्या अंगावर बसलेले. चित्र काढताना हात आपोआप पुढच्या जागी जातो. इथं ती जागाही लिहून सांगावी लागते. तिनं दोन ओळी आणखी लिहिल्या, आणि ट्रे सुटून ओळीनं उभे राहिले.

उत्तमराव आले तेव्हा चार वाजायला आले होते. त्यांनी न बसताच नाव टाकलं: बुधाजी, वांगी, दहा. बटण दाबलं. रांगेच्या टोकाला एक नवा ट्रे उमटला, आत नुसता काळा भुगा, खाली बुधाजींचं नाव.

"आला," ते म्हणाले, आणि आता बसले. आणखी एक टाकलं. तोही आला. मग करिश्माला घेऊन मागं येऊन उभ्या राहिलेल्या भागीरथाबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "ह्या पोट्टीचं नाव काय?"

"करिश्मा."

त्यांनी ते टाकलं. करिश्मा, अमरावती, मिरची, एक ट्रे. "चाळीस दिवसांनी घेऊन जा. माझ्याकडून."

भागीरथाबाईंनी स्क्रीनकडे मान पुढे करून पाहिलं. "मिरची नोका देऊ. लेकराचा हात लागन, डोळ्यात जाईन. टमाटर करा."

उत्तमराव बटण शोधू लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "खोडाचं कुठून, पोरी?"

पायलनं ओठ चावला. खोडायचं तिनं काही केलंच नव्हतं. चोवीस कायमच्या ट्रेमध्ये खोडण्याचा प्रश्नच आला नव्हता.

"ते अजून नाही केलं," ती म्हणाली.

रागिणी मॅडमनी टेबलावरची डायरी ओढली. "मग ते घरून करा. आणि दर बुधवारी इथं आणून दाखवत जा. बुधवार चालेल ना?"

पायलनं करिश्माला सासूबाईंच्या कडेवरून घेतलं. तिनं लेकीच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"तिले काय विचारता," भागीरथाबाई म्हणाल्या, "मले विचारा. बुधवारी मले चालते."