टायरवरची रेघ

सोमवार. रेघ जुळते.

नीळकंठ कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होते. तिथली पद्धत अशी: नट आवळून झाला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. कुणी फिरवला, ते रेघ सांगत नाही.

आता सोनागिरीच्या घरी ते रोज सकाळी आपल्या छोट्या गाडीच्या टायरच्या कडेवरून खालच्या फरशीपर्यंत खडूची रेघ ओढतात.

कारण मुलाने, विक्रांतने, मोठी गाडी घेतली. ती फाटकाबाहेरच उभी असते, आत मावत नाही. घेतली त्याच दिवशी तो म्हणाला, "बाबा, आता ही डबी काढून टाकू. हायवेवर सेफ्टीच नाही हिच्यात."

"मला कुठे हायवेवर जायचंय? तुझ्या आईला फिजिओथेरपीला न्यायचंय."

"मी नेईन ना!"

एकदा नेलं. सुचेताताईंच्या गुडघ्यांना मोठ्या गाडीची उंच पायरी चढवेना. विक्रांतने खालून ढकललं, सूनबाईने वरून ओढलं. "माल भरताय का रे ट्रकमध्ये?" सुचेताताई ओरडल्या. पुढे दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी अडली, ते वेगळंच.

डबी गेली तर आठवड्यातून तीनदा मुलाच्या तोंडाकडे बघायचं.

मंगळवार. रेघ तुटली.

फरशीवरचा तुकडा जागेवर, टायरवरचा आभाळाकडे. बारा ते दोन नीळकंठ कॅरम खेळायला मंडळात जातात, चालत. नेमक्या त्याच वेळात.

सीटही मागे सरकलेली. पाय क्लचला पोचेनात.

"दुपारी कुणी आलं होतं का गं?"

"मला काय माहीत? मी आत पडले होते."

गाडीची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर असते. तिथून सुचेताताईंची खाट सहा पावलं.

बुधवार. तुटली.

गुरुवार. तुटली. शिवाय रात्री जेवताना विक्रांत, मान वर न करता: "बाबा, छोट्या गाडीचे कागद कुठे आहेत?"

"कशाला?"

"असंच. झेरॉक्स काढून ठेवतो."

असंच.

सात वर्षांची नात भात कालवत होती. नीळकंठांनी विचारलं, "क्षितू, शाळेतून हल्ली कशातून येतेस गं?"

"मोठ्या गाडीतून," क्षितिजा म्हणाली, आणि आधी पप्पांकडे बघून मग घास घेतला.

निष्कर्ष: गिऱ्हाईक उंच आहे. रोज येतं, चालवून बघतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एक सोडून.

शुक्रवार. रेघ ओढली नाही.

बॅटरीची एक तार सोडवून ठेवली. पाना खिशात. कॅरमला जातो म्हणून निघाले आणि समोरच्या इस्त्रीवाल्याच्या ठेल्यामागे उभे राहिले.

"अंकलजी, कपड़े?"

"नहीं भैया, बस खड़ा हूँ।"

बारा वीसला मोठी गाडी आली. विक्रांत उतरला. एकटाच. आत जाऊन किल्ली घेऊन आला, डबीत बसला. काही नाही. पुन्हा. काही नाही. बॉनेट उघडलं, कपाळावर हात मारला.

नीळकंठ रस्ता ओलांडून गेले. "गिऱ्हाईक कुठाय?"

"कसलं गिऱ्हाईक? बाबा, साडेबाराला क्षितू सुटते! ही चालूच होत नाहीये."

"मोठी आहे ना बाहेर."

विक्रांत भरभर सांगू लागला: "नाही जात हो ती. शाळेच्या गल्लीत दोन्हीकडे ई-रिक्षा. पहिल्याच दिवशी अडकलो, पूरी गल्ली जाम. एकाचा आरसा तोडला. तेव्हापासून रोज इथे येतो, ही नेतो, तिला आणतो, परत लावतो. शाळा गाडीचा पास देतेय, त्याला कागद हवे होते."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"एवढं लेक्चर झाडलं होतं तुमच्यावर. कोणत्या तोंडाने सांगू?"

दारातून सुचेताताई: "किल्ली देताना रोज म्हणत होते याला, सांगून टाक. आता उभे काय राहिलात दोघं? पोरगी गेटवर असेल!"

नीळकंठांनी खिशातून पाना काढला. विक्रांतने पाना पाहिला, सुटलेली तार पाहिली, मग बापाकडे पाहिलं.

तार बसवायला एरवी दहा सेकंद. आज पाना दोनदा निसटला.

शाळेचं गेट. बारा बेचाळीस. सगळी मुलं गेलेली. क्षितिजा चौकीदाराच्या खुर्चीवर, डोळे पुसून झालेले. गाडीत आजोबा दिसताच ती पप्पांना म्हणाली, "मी नाही सांगितलं हां!"

परतताना गल्लीत दोन्हीकडे वीतभर जागा उरत होती. नीळकंठ आरशात बघत होते, विक्रांत खिडकीबाहेर.

"बाबा, ही नको काढायला."

"मी कधी काढत होतो?"

संध्याकाळी पासचा अर्ज भरला. चालकाचं नाव: नीळकंठ. कॅरम आता चार वाजता.

मग ते खडू घेऊन अंगणात गेले. सुचेताताई मागोमाग. "अहो, आता कुणावर संशय?"

नीळकंठ डबीपाशी थांबले नाहीत. फाटकाबाहेर जाऊन, वाकून, त्यांनी मोठ्या गाडीच्या टायरवर रेघ ओढली.

"उद्या सुट्टी आहे," ते म्हणाले. "ही जागची हलते का बघू."